हायब्रिड ऑफ-रोडरची वही: १४,२०० किलोमीटरपर्यंतच्या नोंदी

इंजिन आणि विद्युत मोटर दोन्हींवर चालणारी ही हायब्रिड गाडी घेऊन आठ महिने झाले आणि काल टाकी भरली तेव्हा किलोमीटरचा आकडा १४,२०० च्या थोडा पुढे गेला होता. आधीची डिझेल गाडी मी बारा वर्षे वापरली. तिच्या कप्प्यात जी वही असायची, तीच आता या गाडीच्या कप्प्यात आहे, आणि इंधन, हवा, सर्व्हिसिंग, कुठे रुतलो, कसे निघालो, हे सारे तिच्यात तारखेनिशी उतरवण्याची सवयही तशीच टिकली आहे. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की बोलणे गाडीवरून बोधचिन्हावर घसरते. मांडणी मात्र सांगायला हवी. लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या पोलादी सांगाड्याची) चेसिस, टर्बो पेट्रोल इंजिन, ते आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसवलेली विद्युत मोटर, त्यामागे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा, हाय आणि लो (कमी वेग, जास्त जोर) रेंजचा ट्रान्सफर केस, मागच्या ॲक्सलला डिफ लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप), आणि मागच्या बाजूला फ्लोअरखाली दोन युनिटांपेक्षा थोडी कमी क्षमतेची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, अशी ही रचना आहे. बाहेरून चार्ज करण्याची सोय नाही.

मोटर कुठे बसवली आहे याला कच्च्या वाटांवर जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वापरात फार महत्त्व आहे. काही हायब्रिड एसयूव्हींमध्ये मागची चाके स्वतंत्र मोटरवर फिरतात आणि पुढच्या इंजिनाशी त्यांचा शाफ्टने काहीच संबंध नसतो. ओल्या डांबरी रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम चालते, पण वाळूत किंवा चिखलात बराच वेळ जोर लावावा लागला की ती मोटर तापते आणि गाडीची संगणक प्रणाली तिची ताकद आखडती घेते. माझ्या गाडीत मोटरची ताकद इंजिनाच्याच वाटेने, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि शाफ्टमधून चारही चाकांकडे जाते, त्यामुळे लो रेंज लावली की मोटरचा टॉर्कही, म्हणजे चाक फिरवणारा जोरही, त्याच पटीत वाढतो. गाडी निवडताना मी हट्टाने पाहिलेली गोष्ट हीच.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये गाडीने मला शिकवले, मी तिला नाही. इंजिन केव्हा सुरू होते आणि केव्हा बंद पडते याचा अंदाज यायलाच तीन आठवडे गेले. सकाळी थंड गाडी दोन-तीन किलोमीटर नेऊन परत आणली, तर इंजिन जवळजवळ सगळा वेळ चालूच राहते, कारण त्याला स्वतःला आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करायचे असते. अशा छोट्या फेऱ्यांत मला लिटरला जेमतेम सात किलोमीटर मिळाले. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी खोळंबलेल्या वाहतुकीतून चाळीस मिनिटे रखडत आलो आणि गाडीने साडेअकरा दाखवले. डिझेलच्या सवयीने डोक्यात बसलेला हिशेब इथे उलटा होतो, म्हणजे ज्या रहदारीला आपण शिव्या घालतो तिथेच ही गाडी इंधन वाचवते.

टाकी काठोकाठ भरून काढलेले आठ महिन्यांचे ॲव्हरेज लिटरला १०.१ किलोमीटर आले. पडद्यावरचा आकडा त्याहून साधारण सहा टक्क्यांनी चांगला असतो, म्हणून त्याच्याकडे मी गंमत म्हणून पाहतो. मोकळ्या महामार्गावर ८० च्या वेगाने सलग गेलो तेव्हा १२ च्या आसपास मिळाले आणि १०० ने गेलो तेव्हा साडेनऊवर आलो. यात नवल काहीच नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर जाताना तो दीडपटीहून अधिक होतो, आणि आपल्या गाड्यांचा पुढचा भाग तर कपाटासारखा असतो. एका वेगाने चालणाऱ्या गाडीत ब्रेक लागत नाहीत, ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी फिरून जी वीज बॅटरीत परत आणते ती मिळत नाही, आणि मग बॅटरी व मोटर हे महामार्गापुरते निव्वळ ओझे ठरते. चौथ्या महिन्यात टपावरचा रिकामा रॅक काढून ठेवला, त्याने महामार्गावर लिटरमागे अर्ध्या किलोमीटरहून थोडा अधिक फरक पडला. पुढे ऑल-टेरेन टायर बसवले आणि मिळवलेले तेवढेच पुन्हा घालवले. त्याबद्दल तक्रार नाही.

सर्वाधिक पाने मी उतारावर खर्च केली आहेत. पहिल्या मोठ्या घाटात उतरताना चार-पाच वळणांनंतर बॅटरीचा काटा भरल्याच्या खुणेला टेकला, इंजिन एकाएकी मोठ्याने घुमू लागले आणि ब्रेक पेडलचा स्पर्शही किंचित बदलला. काहीतरी बिघडले असे वाटून मी गाडी बाजूला घेतली. नंतर कागदावर हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन २,६०० किलो धरले, तर १०० मीटर खाली उतरताना सुमारे ०.७ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली बरीचशी टायर आणि हवा खातात, पण निम्मी जरी परत आली तरी ती ठेवायची कुठे? बॅटरी मुळात दोन युनिटांच्याही आतली आहे, आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून प्रणाली तिचा फक्त मधला भाग वापरते. दीडशे-दोनशे मीटरच्या उतारात ती भरून जाते, आणि त्यापुढे वेग आवरायचे काम इंजिन ब्रेकिंग (इंजिनाचा स्वतःचा रोध) आणि साध्या ब्रेकवर येते. ही बॅटरी म्हणजे सुट्ट्या पैशांचा बटवा आहे, त्यात मोठी रक्कम मावत नाही हे एकदा मनात ठसले की बाकीच्या गोष्टी आपोआप सुचतात. आता उतार सुरू होण्याआधीच मी हाताने खालचा गिअर निवडतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची कुणाला जुनी खोड असेल तर ती इथे पूर्णपणे मोडावी, कारण न्यूट्रलमध्ये वीजही परत मिळत नाही आणि इंजिनाचा आधारही सुटतो.

आता फजितीची नोंद. किलोमीटर ३,८५०. अकरा दिवस गाडी उभी होती, डॅशकॅम पार्किंग मोडवर ठेवलेला होता, आणि बाराव्या दिवशी दारच उघडेना. चावीच्या आत लपवलेल्या पात्याने दार उघडले तर डॅशबोर्डवर पूर्ण अंधार. मागे शेकडो व्होल्टची बॅटरी ठणठणीत असताना गाडी मेली होती, कारण मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली की मोठी असून नसल्यासारखी. सुदैवाने इथे पुष्कळ वीज लागत नाही. इंजिन फिरवायचे काम मोठ्या बॅटरीच्या जिवावर होते, १२ व्होल्टने फक्त संगणक आणि रिले जागे करायचे असतात, त्यामुळे लहानशा जंप स्टार्टरनेही (बाहेरून जोडायच्या सुट्या बॅटरीनेही) क्षणात ‘रेडी’चा, म्हणजे गाडी चालायला तयार असल्याचा, दिवा लागला. मात्र आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची बंद पडलेली गाडी सुरू करून देऊ नये. माझ्या पुस्तिकेत त्याची स्पष्ट मनाई आहे, कारण डिझेल इंजिन फिरवण्याएवढा प्रवाह देण्यासाठी ही छोटी बॅटरी बनवलेलीच नाही. डॅशकॅमला आता व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की तोडणारा कटऑफ लावला आहे, आणि टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर गाडी ‘रेडी’त असल्याशिवाय मी चालवत नाही.

खडकाळ वाटेवर पहिल्यांदा गेलो ती नोंद ५,२०० किलोमीटरच्या पानावर आहे. टायरमधली हवा ३५ वरून २० पीएसआयवर आणली, फोर-लो (चारही चाकांना ताकद, लो रेंजमध्ये) लावले आणि गुडघाभर उंचीच्या एका दगडी पायरीसमोर उभा राहिलो. जुन्या गाडीत अशा ठिकाणी थोडी रेस द्यायची, क्लच अलगद सोडायचा आणि चाक वर चढताच पाय मागे घ्यायचा, नाहीतर गाडी पलीकडे आदळायची. इथे मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते, टर्बोची वाट पाहावी लागत नाही. पुढचे चाक दगडाला टेकले, मी पेडलवर पायाचा नुसता भार दिला, टायरची बाजू दबून दगडाच्या कडेवर चिकटली आणि चाक इंचाइंचाने वर गेले. एकही खडा उडाला नाही. उजवा पाय मात्र नव्याने घडवावा लागतो. पहिल्या दिवशी मी जुन्या अंदाजाने पेडल दाबत होतो आणि गाडी प्रत्येक वेळी हवे त्याहून जास्त पुढे सरकत होती.

त्याच दिवशी एक गोष्ट अशी घडली की तिची नोंद मी लाल शाईने केली. वाट दाखवणारा मित्र पुढच्या चाकाखाली दगड लावायला वाकला होता. इंजिन बंद असल्याने सगळीकडे शांतता होती आणि गाडी बंद आहे अशी त्याची समजूत झाली. प्रत्यक्षात गाडी ‘रेडी’त होती आणि माझा पाय ब्रेकवर होता. मिनिटभराने बॅटरी उतरू लागली म्हणून इंजिन आपणहून धडधडत सुरू झाले आणि तो दचकून मागे पडला. लागले काही नाही, पण डिझेलच्या काळात आवाज हीच सूचना होती आणि ती आता राहिलेली नाही, हे त्या क्षणी कळले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की कुणीही गाडीखाली किंवा चाकापुढे जाण्याआधी गाडी ‘पी’मध्ये टाकायची, हँडब्रेक लावायचा, पॉवर बंद करायची, आणि चावी वाकणाऱ्याच्या खिशात द्यायची. बंदिस्त जागेत गाडी ‘रेडी’त ठेवून आतल्या सॉकेटवर काही चालवायचे असेल तरी हेच ध्यानात ठेवावे. बॅटरी उतरली की इंजिन विचारत नाही, सुरू होते, आणि त्याचा धूर तिथेच साठतो.

पाण्याविषयी बरेच विचारणे होते, म्हणून लिहितो. नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या वायरी आणि त्यांचे जोड सीलबंद असतात, त्यांची भीती मला वाटत नाही. माझे लक्ष दुसरीकडे असते. या बॅटरीला थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच, मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते, म्हणजे केबिनमध्ये पाणी शिरेल इतक्या खोलीत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डिफरेन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे, जुने दुखणेही कायम आहे. तापलेले डिफरेन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (तिची हवा जाण्या-येण्याची वाट) खाली असेल तर पाणी आत ओढले जाते, म्हणून ब्रीदरच्या नळ्या वर नेऊन घेतल्या आणि ओढ्याआधी दहा मिनिटे थांबायची सवय ठेवली आहे.

ब्रेकची एक लहानशी नोंद. बहुतेक वेग मोटरच आवरत असल्याने पॅड फार कमी झिजतात, पण त्यामुळेच पाण्या-चिखलानंतर डिस्कवर चढलेला गंज लवकर पुसला जात नाही आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना आखडण्याची शक्यता वाढते. गाडी धुतल्यावर मी मोकळ्या जागेत चार-पाच वेळा ब्रेक जरा जोरात दाबून घेतो. ७,९०० किलोमीटरला पुढून कर्णकर्कश किंचाळी येऊ लागली तेव्हा मात्र दोष गंजाचा नव्हता. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात वाटाण्याएवढा खडा अडकला होता. गाडी दहा मीटर मागे घेताच तो टपकन खाली पडला.

वजनाची नोंद अप्रिय आहे. मागे ड्रॉवर, चाळीस लिटरचा फ्रिज, रिकव्हरीचे (रुतलेली गाडी काढण्याचे) सामान, भरलेली टाकी आणि आम्ही दोघे, एवढ्यानिशी गाडी वजनकाट्यावर नेली. पुस्तिकेतल्या कमाल वजनाला फक्त १४० किलो शिल्लक निघाले. मोटर आणि बॅटरीचे वजन कुठून तरी भरून काढावेच लागते, आणि ते आपल्या सामानातून कापले जाते. पुढचा पोलादी बंपर आणि विंच (गाडी ओढून काढणारी चरखी) यांचा बेत त्याच दिवशी रद्द केला. बॅटरीमुळे मागचा फ्लोअर उंच झाला आहे, म्हणून जुन्या गाडीचे ड्रॉवर बसलेच नाहीत. १२ मिलिमीटर प्लायचा नवा उथळ ड्रॉवर करावा लागला, आणि त्यात शॅकल व पट्टे मावतात पण हाय-लिफ्ट जॅक मावत नाही.

ताजी नोंद कालची आहे. पंधरा हजारच्या सर्व्हिसिंगआधी मागच्या सीटजवळची बॅटरीच्या पंख्याची जाळी उघडून पाहिली. दोन धुळीच्या फेऱ्यांनंतर आतल्या फिल्टरवर राखाडी नमद्यासारखा थर बसला होता आणि त्यात फ्रिजच्या आवरणाचे तंतू गुंतले होते. गेला महिनाभर चढावर मागून येणारी बारीक घरघर मी नव्या टायरांच्या माथी मारत होतो. फिल्टर झटकला, मऊ ब्रशने साफ केला, परत बसवला आणि नेहमीच्याच चढावर गाडी नेली, तर घरघर थांबली होती. फिल्टर साफ करण्याचे अंतर वहीत दहा हजारांवरून पाच हजारांवर आणले आहे आणि फ्रिज जाळीपासून हातभर पुढे सरकवला आहे.