पोटाच्या स्नायूची फाट, सर्व्हिस आणि सहा आठवड्यांचा हिशेब

टेनिसमधल्या दुखापतींबद्दल बोलताना कोपर, खांदा, गुडघा यांची नावं आधी निघतात. पण सर्किटवर खेळणाऱ्याचा मोसम गुपचूप पोखरते ती पोटाच्या स्नायूची फाट. उजव्या हाताने खेळणाऱ्याला ती बहुतेक वेळा डाव्या बाजूला, नाभीच्या शेजारच्या उभ्या स्नायूत होते. चेंडू वर फेकल्यावर पाठीची कमान होते, हा स्नायू पूर्ण ताणला जातो आणि नेमकं तेव्हाच त्याला जोर लावून धड पुढे ओढावं लागतं. किक सर्व्हिसमध्ये, म्हणजे फिरकी देऊन चेंडू उंच उसळवणाऱ्या सर्व्हिसमध्ये, चेंडू डोक्याच्या मागे, डावीकडे फेकतात, त्यामुळे कमान आणखी वाढते आणि धोकाही.

खेळाडू फसतो तो इथेच. फोरहँड बसतो, बॅकहँड बसतो, पळतानाही फारसं काही जाणवत नाही. कळ येते ती सर्व्हिसला, स्मॅशला, शिंकताना आणि सकाळी अंथरुणातून उठताना. 2022 च्या विम्बल्डनमध्ये राफाएल नदालने पोट दुखत असतानाच उपांत्यपूर्व फेरीत टेलर फ्रिट्झला पाच सेटमध्ये हरवलं. मग स्नायू फाटल्याचं सांगून उपांत्य सामन्याआधी माघार घेतली. अशा फाटीसह एक सामना रेटता येतो, दोन दिवसांनी दुसरा रेटणं महागात पडतं.

सामना चालू असताना फिजिओच्या हातात फार काही नसतं. तपासणी झाल्यावर उपचाराला 3 मिनिटं मिळतात. तेवढ्यात टेप लावता येते, वेदनाशामक गोळी देता येते. टेपमुळे आधार वाटतो एवढंच, फाटलेले तंतू ती धरून ठेवत नाही.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. क्रमवारीचे गुण 52 आठवडे टिकतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात कमावलेले गुण यंदा खेळलं नाही तरी जातातच. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत 128 जणांपैकी साधारण 104 जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो आणि ती यादी स्पर्धेच्या सुमारे सहा आठवडे आधी ठरते. नव्वदाव्या क्रमांकाच्या खेळाडूने आज विश्रांती घेतली, तर पुढच्या स्लॅममध्ये त्याला पात्रता फेरी खेळावी लागू शकते. एटीपीची (पुरुषांची टूर चालवणारी संघटना) संरक्षित क्रमवारी, म्हणजे दुखापतीआधीच्या क्रमवारीवर प्रवेश घेण्याची सवलत, मिळते ती किमान 6 महिने बाहेर राहणाऱ्याला. म्हणजे लांबलचक दुखापतीला नियमाची ढाल आहे, सहा आठवड्यांत भरणाऱ्या फाटीला काहीच नाही. माझ्या मते मधल्या आकाराच्या दुखापती लांबतात त्या याच फटीमुळे. स्लॅमपुरती एक चांगली सोय 2018 पासून आहे: स्पर्धा सुरू होण्याआधीच्या गुरुवारी दुपारनंतर स्पर्धास्थळी येऊन माघार घेणाऱ्याला पहिल्या फेरीच्या बक्षीस रकमेतला अर्धा वाटा मिळतो, उरलेला त्याच्या जागी खेळणाऱ्याला. ही सोय नव्हती तेव्हा कितीतरी जण फक्त पैशांसाठी लंगडत कोर्टवर उतरत.

आता परतीचा मार्ग. पहिले चार-पाच दिवस पोटाचा ताणून व्यायाम नाही, सिट-अप तर मुळीच नाही. सायकल चालते. सोनोग्राफी एक-दोन दिवसांनी केली तर फाट नीट दिसते. खोकताना दुखणं थांबलं की प्लँकसारखे स्थिर व्यायाम सुरू करायचे. ते वेदनेशिवाय जमले की व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर पाठ टेकून हळूहळू मागे झुकायचं, म्हणजे लांबलेल्या अवस्थेत स्नायूला काम मिळतं. हा टप्पा गाळणारा हमखास परत फिजिओच्या टेबलावर येतो, कारण फाट पडली होती ती त्याच अवस्थेत. त्यानंतर 2 किलोचा मेडिसिन बॉल डोक्यावरून फेकणं.

रॅकेट सर्वात शेवटी. आधी सर्व्हिस बॉक्सच्या रेषेवरून 20 सर्व्हिस, अर्ध्या जोराने. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस नाही. मग बेसलाइनवरून 30, सपाट, म्हणजे फिरकी न देता. मग 50-60. किक अगदी अखेरीस. निर्णय दुसऱ्या सकाळी घ्यायचा: अंगावरचं पांघरूण बाजूला सारून उठताना ओढ जाणवली, तर एक पायरी खाली. गोळी घेऊन सर्व्हिसचा सराव केला, तर ही सकाळची चाचणीच खोटी ठरते. दुसरी चूक म्हणजे पोट वाचवायला चेंडू खाली आणि पुढे फेकणं. पोट वाचतं, पण मग वेगासाठी सगळा भार खांदा उचलतो आणि पंधरा दिवसांत तिथे दुखायला लागतं. पाच सेटच्या सामन्यात दीडशेच्या आसपास सर्व्हिस सहज होतात, म्हणून सरावात 60 जमल्या एवढ्यावर स्लॅम खेळायला निघू नये.

परतीची पहिली स्पर्धा निवडताना दुहेरीचा विचार जरूर करावा. एकेरीत एक गेम सोडून सर्व्हिस करावी लागते, दुहेरीत चार गेममधून एकदा. त्यात टूरवरच्या दुहेरीत ड्यूसनंतर (गेममध्ये 40-40 अशी बरोबरी झाल्यावर) एकाच गुणावर गेम संपतो आणि तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक असतो. मात्र नेटजवळ स्मॅश वाट्याला येतातच, तेव्हा स्मॅशचा सरावही सर्व्हिसच्या मोजणीतच धरायचा.