गडकरी ते भावे, व्हाया ट्रान्स-हार्बर

ठाणे स्टेशनात पश्चिमेला उतरलं की गडकरी रंगायतन दहा-बारा मिनिटांवर. आत्या बरोबर असली की अर्धा तास धरायचा. तिला वाटेतलं सगळं बघायचं असतं आणि जे राहिलं नाही तेही दाखवायचं असतं. "तुझे काका शुक्रवारी ऑफिसातून परस्पर अशोक नाहीतर प्रभात टॉकीजच्या रांगेत. घरी सांगायचे, लोकल लेट होती!"

मासुंदा तलावाच्या काठावरचं रंगायतन १९७८ सालचं. मधे दुरुस्तीसाठी बरेच महिने बंद होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. राम गणेश गडकरी जेमतेम ३३ वर्षं जगले. त्यांच्या नावाच्या या वास्तूचं वय त्यांच्याहून कधीच मोठं झालंय. आम्ही पुढच्या रविवारचं तिकीट काढायला आलो होतो. मोबाइलवर मिळालं असतं, पण आत्याला खिडकीच हवी. प्लॅन समोर ठेवायचा, पेनाचं टोक खुर्च्यांवरून फिरवायचं आणि म्हणायचं, "कडेच्या दोन द्या, गुडघा दुखतो." तिकीट हातात आल्यावरही आम्ही हललो नाही. इथे हलायचं नसतंच. तलावपाळीवर शेंगदाणेवाले, होड्या, समोर कोपिनेश्वर. नाटक नसलं तरी माणूस इथे तासभर सहज काढतो.

ठाण्याचं दुसरं नाट्यगृह डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं, हिरानंदानी मेडोजला. घाणेकर पेशाने दंतवैद्य, लोकांच्या लक्षात राहिले ते 'अश्रूंची झाली फुले' नाटकातला 'लाल्या' म्हणून. तिथे मोठ्या नाट्यगृहाच्या जोडीला एक मिनी थिएटरही आहे, आणि छोट्या प्रयोगांना ते फार सोयीचं. आत्याचं मत मात्र ठाम : "मध्यंतरात बाहेर आलं तर नुसते टॉवर. तलाव कुठाय?" हा अन्याय आहे, पण तिच्याशी कोण वाद घालणार?

संध्याकाळचा प्रयोग वाशीला होता. २००४ साली ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली नसती तर आत्याने हा बेतच केला नसता. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे... खिडकीबाहेर एका अंगाला कारखान्यांची पट्टी. सिडकोने आखलेल्या शहरातल्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे, हे मला आवडतं. भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं आणि १८५३ मध्ये मंडळी घेऊन मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात प्रयोग लावले. त्याच साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. म्हणजे आमच्या आजच्या प्रवासातल्या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी मुंबईत होत्या.

तुर्भ्याच्या अलीकडे गाडी वीस मिनिटं खोळंबली. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. डोअरकीपरने काळोखात बॅटरी जमिनीवर धरली आणि आत्याचा हात धरून तिला खुर्चीपर्यंत नेलं. मी मागून अडखळत.

मी स्वतः नेरुळचा. आमच्याकडे आहे ते डी. वाय. पाटील स्टेडियम, २००८ सालचं. बांधलं क्रिकेटसाठी, छताला मधे खांब नाहीत, त्यामुळे कुठूनही मैदान बघताना काही आडवं येत नाही. तिथे २०१९ मध्ये यूटू आले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या. मला तिकीट मिळालं नव्हतं. नेरुळ स्टेशनाबाहेर उभा राहून मी नुसती गर्दी बघत होतो. हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग प्लॅन उघडला तेव्हा खिडकीवर जायचं ना सकाळी!"

रात्री तिला ठाण्याला सोडायला परत गेलो. स्टेशनाबाहेर रिक्षात बसताना ती म्हणाली, "वंदना." वंदना टॉकीजचं नाव तिथल्या एसटीच्या थांब्याला चिकटलंय. विशी-बाविशीच्या पोराने काही न विचारता मीटर टाकला.