डोना नूकचे सील: नोव्हेंबरात लेकराबाळांसह जाताना

डोना नूकच्या फोटोंत दिसतं तेवढं खरं आहे. सीलचं पांढरंशुभ्र पिल्लू कुंपणाच्या पलीकडे दोन-तीन हातांवर लोळत असतं, दुर्बीण लागत नाही, तिकीटही नाही. फोटोंत जे दिसत नाही त्याच्यावर मात्र दिवसाचं भलंबुरं ठरतं: शेवटचा रस्ता, पार्किंगचं शेत, उत्तर समुद्राचा वारा आणि कुंपणापलीकडे मुलांच्या नजरेला पडणाऱ्या काही गोष्टी.

जागा इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या किनाऱ्यावर, नॉर्थ सॉमरकोट्स गावाच्या पुढे आहे. लेस्टरहून सव्वादोन-अडीच तास धरा, लंडनहून साडेतीनच्या आत पोचाल ही आशा सोडा. गाडीशिवाय जायचा विचारच नको. पेट्रोल, चहा, शौचालय हे सगळं लाउथ गावात उरकून घ्या.

तारखा. माद्या ऑक्टोबरच्या शेवटी वाळूवर यायला लागतात. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबरचा पहिला, हा खरा काळ. दिवाळीच्या सुट्टीला जोडून ऑक्टोबरात गेलात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं दिसतील आणि मुलं कंटाळतील. डिसेंबरच्या मध्यानंतर आया समुद्रात परतलेल्या असतात आणि पिल्लांचा पांढरा कोट गळून ती करडी झालेली असतात.

आता तो शेवटचा टप्पा. गावानंतरची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर. शनिवार-रविवारी दहानंतर समोरून गाडी आली की एकाला कडेच्या गवतावर उतरावं लागतं, आणि ते गवत पावसानंतर फसवं असतं; खाली घट्ट जमीन आहे असं वाटतं आणि डावं चाक चराकडे घसरतं. त्यामुळे शनिवार-रविवारी एकतर नऊच्या आत पोचा, नाहीतर जाऊच नका. 'दुपारी जेवून निघू' हा बेत इथे चालत नाही. नोव्हेंबरअखेर पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे रांगेत गेलेला एक तास थेट सील पाहण्याच्या वेळातून वजा होतो.

पार्किंगला पैसे पडतात, ते तक्रार न करता द्या. गाडी लावताना मात्र डोकं वापरा. जमीन चिकणमातीची आहे, पाणी मुरत नाही, आणि शे-दोनशे गाड्या फिरल्या की फाटकापाशी नुसता रबडा होतो. गाडी शक्यतो तोंड बाहेरच्या दिशेला करून, फाटकाजवळच्या टणक पट्ट्यावर लावा. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबून हलवा. चाक जागेवर फिरायला लागलं की थांबा. जोर दिलात तर ते आणखी रुततं. पायाखालच्या रबरी मॅट चाकापुढे टाकल्या की बहुतेक वेळा गाडी सुटते. मॅट मग धुवायच्या, त्याला इलाज नाही.

कपड्यांचं थोडक्यात: सगळ्यांना गमबूट, आत लोकरीचे मोजे, वरून वारा अडवणारं जाकीट. छत्री दोन मिनिटांत उलटी होते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना कानटोपी आणि दोन स्वेटर घातले तरी स्पोर्ट्स शूजवर नेऊ नका. बाबागाडी चिखलात ढकलण्यापेक्षा बाळ अंगाशी बांधून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलासाठी एवढी पायपीट करू नये, हे स्पष्ट मत.

वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी कुंपणालगत पायवाट आहे. पहिल्या पन्नास पावलांत गर्दी असते कारण सगळे पहिल्याच पिल्लापाशी थांबतात. पुढे चला. कुरव (सीगल पक्षी) एका जागी एकदम झेपावून भांडायला लागले की समजा तिथे नुकतंच एक पिल्लू जन्मलं. बाळंतपणात पडलेली वार खायला ते जमतात. पिल्लाचं वय मुलांना ओळखायला शिकवा, वेळ छान जातो. कातडी सैल, सुरकुतलेली, कोट पिवळसर, पोटाला गुलाबी नाळ: एक-दोन दिवसांचं. गुळगुळीत आणि पांढरं: आठवड्याच्या आसपास. पिंपासारखं गोल, आणि तोंडावरचा पांढरा कोट गळतोय: दूध सुटत आलं. जन्मताना वजन 14 किलोच्या आसपास, आणि आईचं दूध इतकं स्निग्ध की रोज सुमारे दोन किलो चढतात. आई तेवढे दिवस स्वतः काही खात नाही, तिची चरबी पिल्लात उतरते. साधारण 18 दिवसांनी ती पिल्लाला सोडून समुद्रात जाते.

त्यामुळे एकटं पडलेलं गुबगुबीत पिल्लू बघून 'बिच्चारं, आईने टाकलं' असा गलका करू नका. डोळ्यांतून पाणी वाहताना दिसेल, तेही रडणं नव्हे; सीलच्या डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायला नळी नसते, म्हणून ते गालावर ओघळतं. ओरडणं मात्र तान्ह्या बाळासारखंच असतं, त्याने मोठी माणसंही गलबलतात.

मेलेली पिल्लं दिसतील. कुरव ती टोचताना दिसतील. माद्यांसाठी भांडणारे नर, मानेवर रक्त, तेही दिसेल. गाडीतच मुलांना सांगून ठेवा. कुंपणापाशी आल्यावर डोळे झाकत बसण्यात अर्थ नाही.

कुंपणावरून हात घालून सेल्फी काढू नका. पिल्लू चावतं, आणि सीलच्या चाव्याचा संसर्ग बोटाला महिनोन्‌महिने पुरतो. शिवाय आई पिल्लाला वासावरून ओळखते. माणसाचा हात लागला तर ती त्याला सोडूनही जाऊ शकते. लिंकनशायर वाइल्डलाइफ ट्रस्टचे स्वयंसेवक उभे असतात, त्यांना प्रश्न विचारा, उत्साहाने सांगतात. कुत्रा घरी ठेवा. उरलेल्या चकल्या गाडीतच खा, कुरव हातातून नेतात.

पलीकडचा सपाट किनारा हवाई दलाच्या बॉम्बफेकीच्या सरावाचा आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत विमानं कडाडत येतात, मुलं दचकतात, सील ढिम्म हलत नाहीत. त्या वाळूवर पाऊल टाकायचं नाही, कितीही मोकळी दिसली तरी. रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. विमानांचा आवाज गर्दीपेक्षा परवडतो.

परतीच्या वाटेवर लिंकनचं कॅथेड्रल लागतं, छान आहे.

हिवाळा झेपत नसेल तर नॉरफकला मॉर्स्टनहून ब्लेकनी पॉइंटच्या बोटी उन्हाळ्यातही सील दाखवतात, जेमतेम तास-दीड तासात. वेळा भरतीवर ठरतात म्हणून रोज बदलतात; आधी बुकिंग करा आणि मगच हॉटेल घ्या. जवळून पाहण्याचं समाधान डोना नूकइतकं नाही.

एरवी कुठल्या किनाऱ्यावर एकटं पांढरं पिल्लू सापडलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. त्या कोटात ते नीट पोहू शकत नाही. लांब उभे राहा, मुलांना आणि कुत्र्यांना मागे ठेवा आणि ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू या समुद्री प्राण्यांना वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा.