तिसरी कॅप

इंजिन पुन्हा जोडत होतो. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ब्लॉकमध्ये मेन बेअरिंगांवर बसतो. तिसऱ्या मेन बेअरिंगची कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळली आणि क्रँक जड झाला. अडकला नाही, पण मघापर्यंत दोन बोटांनी फिरत होता, तो आता दोन्ही हातांनी ओढावा लागत होता. मी मेनच्या कॅप्स एका दमात कधीच आवळत नाही. एक कॅप आवळायची, क्रँकची पूर्ण फेरी घ्यायची, मग पुढची. वेळ जातो, पण त्या दिवशी या सवयीनेच इंजिन वाचवलं.

गाडी छोटी, इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. आली तेव्हा निळा धूर सोडत होती, चढावर दम टाकत होती आणि ऑइल पीत होती. मालकांचं म्हणणं होतं, "फक्त रिंगा बदलून द्या." कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं तर आठ, साडेसहा आणि साडेआठ. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तर तिन्ही आकडे चांगलेच वर गेले. ऑइलने आकडा वाढला म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्या मधून आहे. व्हॉल्व्हची असती तर ऑइलने फारसा फरक पडला नसता.

हेड काढल्यावर आधी सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवलं. नख अडकलं. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे तिचा वेग शून्य होतो, ऑइल कमी पोहोचतं आणि जळत्या गॅसचा दाब रिंगेला भिंतीवर दाबून धरतो. म्हणून झीज तिथेच सगळ्यांत जास्त. त्याच्या वर, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे मूळ मापाची कड उरते. झिजलेली जुनी रिंग त्या कडेखालून निभावून जाते. कोऱ्या रिंगेची धार मात्र तिच्यावर आपटते आणि रिंग तुटू शकते. बोअरच्या तळाशी कारखान्यातल्या होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासून केलेल्या, तिरक्या रेषा अजून स्पष्ट होत्या, वर नुसता आरसा. मालकांना बोलावून त्यांचं बोट त्या कडेवर ठेवलं. त्यानंतर समजावून सांगायची गरज पडली नाही.

ब्लॉक, क्रँक आणि हेड घेऊन बोअरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांचं माप घेणं मी दर वेळी मन लावून बघतो. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन्ही. मूळ बोअर ६८.५० मिलिमीटरचा. वर ६८.६४ भरला, तळाशी ६८.५२. झिजेपुरतं बघितलं तर बोअर पाव मिलिमीटर वाढवून तेवढाच मोठा (ओव्हरसाइज) पिस्टन घालून काम भागलं असतं, पण दुसऱ्या सिलिंडरला एक खोल ओरखडा होता. काका म्हणाले, "पन्नासला, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला जाऊ या. आणि पिस्टन आणल्याशिवाय मशीन चालू करणार नाही."

मी पिस्टन आणून दिले. डब्यावर तिन्हींचं माप एकच छापलेलं. काकांनी पिनेला काटकोनात, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) मायक्रोमीटर लावला, तर एक पिस्टन इतर दोघांपेक्षा मिलिमीटरच्या एका शतांशाने बारीक निघाला. ६९ च्या जरा आत बोअर करून उरलेलं होनिंगला ठेवलं आणि प्रत्येक बोअर आपापल्या पिस्टनला होन केला, सगळीकडे चार शतांश मोकळीक. पिस्टनच्या डोक्यावर मार्करने १, २, ३ लिहून दिलं. क्रँक ग्राइंड करून पाव मिलिमीटर बारीक (अंडरसाइज) केला. जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यातली गोलाई त्यांनी जशीच्या तशी राखली होती. तो कोपरा धारदार राहिला तर क्रँकला तडा तिथूनच जातो. निघताना म्हणाले, "धुणं तुझ्याकडे. रॉकेलवर सोडू नकोस."

रॉकेलने ऑइल निघतं, पण होनिंगच्या दगडाची बारीक पूड रेषांमध्येच बसून राहते आणि नव्या रिंगा तीच पूड घेऊन बोअर घासत बसतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश, याला दुसरा मार्ग नाही. मी धुतलं. तिन्ही बोअर मनापासून धुतले.

आणि आता क्रँक जड. काकांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बेअरिंगच्या पाठीमागे बघितलंस का?"

क्रँक उचलला. तिसऱ्या मेनचा ब्लॉककडचा शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पत्री, काढला. राखाडी पृष्ठभागावर मोहरीएवढा एक चकचकीत ठिपका होता. शेल उलटा केला, तर बरोबर त्याच जागी पाठीवर खळगा, आणि ब्लॉकच्या सीटवर बिडाचा एक कपचा ऑइलने चिकटून बसलेला. नखाने निघाला. मायक्रोमीटरमध्ये धरला तर जेमतेम पाच शतांश. जर्नल आणि शेलमध्ये एकूण मोकळीकच चार शतांशांची, ती त्या कपच्याने एका बाजूने खाऊन टाकली होती. गाडी तशीच गेली असती तर तो ठिपका आधी तापला असता, मग शेल जर्नलला चिकटून फिरला असता आणि सोबत क्रँकही गेला असता.

मी सगळं पुन्हा उघडलं. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे (गॅलरीचे) प्लग काढून लांब ब्रश आरपार घातला, प्रत्येक सीट वेगळी पुसली. धुतलेल्या बोअरमध्ये पांढरं फडकं फिरवलं, तर ते राखाडी झालं. आदल्या दिवशी मी ते स्वच्छ म्हणून सोडलं होतं, हे मला फार लागलं. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत चार वेळा धुतलं आणि कोरडं होताच ऑइलचा हात फिरवला, कारण उघड्या बिडावर गंज चढायला वेळ लागत नाही. खळगा पडलेला शेल परत वापरला नाही, त्या मेनची जोडीच नवी घातली. चारही कॅप्स आवळल्या, क्रँक दोन बोटांनी फिरला.

पुढचं काम सरळ झालं. रिंगांच्या टोकांमधले गॅप प्रत्येक बोअरमध्ये बघितले, एक कमी होता तो कानशीने हलकेच वाढवला. प्लग न लावता स्टार्टर मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबलो, मग सुरू केलं. नवं इंजिन नुसतं आयडलवर तापवत ठेवायचं नसतं. रिंगा बसायला मागून गॅसचा दाब लागतो, म्हणून लगेच रस्त्यावर नेली, कधी थोडा भार, कधी मोकळी.

हजार किलोमीटरला गाडी परत आली. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला साडेबारा. ऑइल काढलं ते पांढऱ्या फडक्यातून गाळून घेतलं आणि फडकं उजेडात धरलं. चंदेरी झाक होती, कण एकही नव्हता.