गाडी बसली

आमच्याकडे गाय पडत नाही, बसते. "डॉक्टर, गाय बसली" असा फोन आला की समजायचं, ती आता आपणहून उठत नाही. मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे खरा डॉक्टर नव्हे, पण गावोगावी हाक तीच. दारव्हा तालुक्यातली पाच-सहा गावं फिरतो. त्यामुळे माझी गाडी पहिल्यांदा शेताकडे जाणाऱ्या पांदणीत आडवी झाली, तेव्हा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पोरानं गावाकडे तोंड करून ठोकलेली आरोळीही त्याच भाषेतली होती. "धावा जीऽऽ, डॉक्टरची गाडी बसली!"

गाडी बुलेट, क्लासिक 350. आधी स्प्लेंडर होती. 112 किलोंची. ती पडली तर एका हातानं फोनवर बोलत दुसऱ्या हातानं उभी करत असे. ही तेल-पेट्रोलासकट 195 किलो भरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे वजन कापसात सांगितलेलं बरं. जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ 170 किलोंची असते. म्हणजे मी रोज एका गाठीवर बसून, वर अर्धं पोतं सरकी घेऊन हिंडतो. "हे गाडी कायले घेतली जी तुमी?" असं मला किमान तीन गावांत विचारून झालंय. त्याचं खरं उत्तर बायकोलाही दिलेलं नाही. लहानपणी मामाच्या गावी एका कंत्राटदाराची फटफटी यायची. ती वेशीपाशी असतानाच तिचा आवाज घरात पोचायचा आणि आजी चहाचं आधण ठेवायची. पंचेचाळिशीत माझ्याकडे थोडे पैसे आले आणि तो आवाज आठवला, इतकंच.

लोकांना वाटतं जड गाडी वेगात पडते. वेगात ती घरच्या म्हातारीसारखी शहाणी असते. पडते ती थांबताना. तुम्ही पाय टेकवता, पायाखाली ठिकऱ्या असतात किंवा गाळ, पाय वीतभर सरकतो आणि गाडी कलायला लागते. थोडी कलली तर दोन बोटांनीही सावरते. त्याच्यापुढे आणखी चार बोटं गेली की पैलवानालाही ऐकत नाही. या दोहोंच्या मधे एक क्षण येतो. त्या क्षणी मांडीला कळतं, हाताला कळतं, आता ही गेली. तेव्हा हट्ट करू नये. कमरेत उसण भरते. निजवलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी तिला हळूच खाली ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. पाय तेवढा आधी काढायचा.

मग पहिली गोष्ट आपण काय करतो? गाडी बघत नाही. आजूबाजूला बघतो, कोणी पाहिलं का.

त्यात आमची माती. उन्हाळ्यात हिला अशा भेगा पडतात की त्यात चप्पल जाते. पावसात तीच फुगते, चिकटते, मडगार्ड आणि चाकाच्या मधे गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग उतरून काडीनं उकरत बसा. साइड स्टँडचं तर विचारू नका. गाडी व्यवस्थित उभी करून गोठ्यात जावं, दोन बैलांना टोचून परत यावं, तोवर स्टँड मातीत हळूहळू उतरत गेलेला असतो आणि गाडी सोयाबीनमध्ये आडवी. तेव्हापासून पिशवीत सुया, सलाइन आणि शहाबादी फरशीचा एक तळहाताएवढा तुकडा असतो. स्टँडखाली तो ठेवतो. गावातली पोरं त्याला "डॉक्टरचा पाट" म्हणतात.

तर ती पहिली पडझड. आरोळी ऐकून पाच जण आले आणि पाचांची पाच मतं. एकानं हँडल धरलं, एकानं मागचं कॅरिअर, एक सायलेन्सरला हात घालायला गेला तर दुसरा ओरडला, "हात नोका लावू, तापलं असन!" एका म्हाताऱ्यानं, तोंडात खर्रा असताना, अत्यंत गंभीरपणे सुचवलं, "शेपटी पिळा जरा." मग एक-दोन-तीन झालं. पाच माणसांचा जोर एकाच बाजूनं लागला. गाडी भुर्रकन उभी झाली, उभी राहण्याचा विचार केला आणि तशीच पलीकडे जाऊन दुसऱ्या अंगावर निजली. पलीकडे धरायला कोणीच नव्हतं. सगळे उचलायला आले होते.

दुसऱ्यांदा मात्र कोणीच नव्हतं. मागच्या वर्षी मृग कोरडा गेला आणि आर्द्रात धो धो लागला. तीन दिवसांपूर्वी व्यालेली एक जर्सी गाय बसली म्हणून फोन. दुपारची वेळ, पांदणीत माणूस नाही. एका वळणावर पुढचं चाक गाड्याच्या चाकोरीत शिरलं, उजवा पाय टेकवला तो घोट्यापर्यंत आत गेला आणि गाडी उजव्या अंगावर. इंजीन आपोआप बंद पडलं. नव्या गाड्यांत तशी सोय आहे. नंतर चावी एकदा बंद करून पुन्हा लावल्याशिवाय ती चालू होत नाही.

मी नेहमीप्रमाणे आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. आणि या खेपेला त्याचंच वाईट वाटलं.

आधी दोन्ही हातांनी हँडल धरून ओढलं. कमरेनं नकार दिला. मग धुऱ्यावर बसलो. बसल्या बसल्या वाटलं, गाय बसते तेव्हा आपण लोकांना काय सांगतो? ओढू नका. शेपटी पिळू नका. आधी बघा, कोणत्या अंगावर आहे, पाय कुठे अडकलाय. एका कुशीवर सपाट पडली असेल तर आधी छातीवर बसती करा, उठवायचं नंतर. जगाला शिकवतो आणि स्वतःच्या गाडीची शिंगं धरून ओढतो!

भाच्यानं कधीतरी पाठवलेला व्हिडिओ आठवला. काडीसारखी एक मुलगी, तिच्या दुप्पट-तिप्पट वजनाची गाडी, आणि ती गाडीकडे चक्क पाठ करते. तेव्हा हसलो होतो. पण दारव्ह्याच्या बाजारातला हमाल तरी काय करतो? पोतं पोटाशी घेत नाही, पाठीवर घेतो.

चावी बंद केली. पेट्रोलचा वास नव्हता. गाडी पहिल्या गिअरमध्येच होती, म्हणजे घरंगळणार नव्हती. उजवीकडे पडली हे नशीब. साइड स्टँड डावीकडे असतो, तो वर आभाळाकडे मोकळा होता. तो आधीच उघडून ठेवला. पलीकडे धरायला आलेला सहावा माणूस तो. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवलं, तशी खालची मूठ टाकीजवळ आली. मग गाडीकडे पाठ करून उकिडवा बसलो आणि बूड सीटच्या कडेला भिडवलं. एक हात खालच्या मुठीला, दुसरा मागं कॅरिअरच्या नळीला. सायलेन्सरपासून पोटरी लांब. पाठ ताठ. आणि हातांनी काही न करता नुसते पाय मागे रेटायला लागलो. वीतभर पाऊल, आणखी वीतभर पाऊल.

सगळं वजन पहिल्या हातभरातच असतं. तेव्हा काळी माती चप्क असा आवाज करून गाडी सोडते आणि मांड्या थरथरतात. लेगगार्ड होतं म्हणून ती अगदी भुईसपाट नव्हती, नाहीतर तो पहिला हातभर मला जमला असता असं वाटत नाही. अर्ध्यावर आली की ओझं कमी होत जातं. शेवटी तर ती जवळजवळ स्वतःच उभी राहते. तिथंच घात असतो. जोर तसाच ठेवला तर पलीकडे जाते. मी जोर सोडला, नुसतं टेकून राहिलो, आणि स्टँडवर तिचं वजन हळूच गेल्याचं पाठीला कळलं. स्टँड रुतायच्या आत फरशी सरकवली.

उभी! एकट्यानं! मी पुन्हा आजूबाजूला पाहिलं. तुरीच्या ओळीवर एक बगळा होता. तोही दुसरीकडे बघत होता.

गोठ्यावर पोचलो तर गाय छातीवर बसलेली, मान कुशीत वळवलेली, कान गार. दुधासोबत अंगातलं कॅल्शियम उतरून गेलेलं. बाटली लावली, मानेच्या शिरेतून अगदी सावकाश, दुसरा हात काळजावर ठेवून. घाई केली तर काळीज थांबतं. बाटली संपत आली तशी तिच्या अंगावर थरथर आली, ढेकर दिला, शेण टाकलं. पंधरा-वीस मिनिटांत तिनं मागचे पाय आधी उचलले, गाय तशीच उठते, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर टेकून राहिली आणि उभी झाली. कोणी हात लावला नाही. गोठ्यात जमलेल्या आठ-दहा जणांनी "वा डॉक्टर!" केलं.

हीच वेळ होती. मी रुमालानं हात पुसत, जणू सहज, म्हणालो की येताना गाडीही बसली होती, एकट्यानं उठवली. मालकानं बाहेर उभ्या बुलेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकल्यानं? राहू द्या जी." बाकीचे नुसते हसले. मी तोंड फिरवून बाटली पिशवीत ठेवायला वाकलो, तशी मागून त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, पँट मांगून सारी चिखलानं भरली जी. कुठी बसले होते?"