तुम्ही विचारलंत म्हणून: सिडनीची बस, अमेरिकेची बस

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, ‘म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांनी केलं तेच यांनीही केलं ना?’ विचारणारे बहुतेक सज्जनच असतात. काहींचा जोर मात्र त्या ‘ना’वर असतो, तेव्हा ओळखावं की यांना उत्तर नको आहे, आपली मान हललेली हवी आहे. त्यांच्यातलेच काही पुढे जाऊन ‘गांधी, मग मार्टिन ल्युथर किंग, मग हे’ अशी वंशावळही सांगतात. आजवर ‘हो, पण...’ म्हणून वेळ मारून नेली. त्या ‘पण’च्या पुढचं आता लिहून टाकते.

आधी ‘हो’. मे १९६४ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलातीसमोर निदर्शनं केली. मागणी काय, तर अमेरिकेच्या संसदेत अडकलेलं नागरी हक्कांचं विधेयक मंजूर करा. काहींना अटकही झाली. त्यावर साहजिकच टोमणा आला की तिकडचं सोडा, स्वतःच्या पायाखाली काय जळतंय ते बघा. टोमणा बरोबर बसला. काही महिन्यांतच विद्यार्थ्यांची एक संघटना उभी राहिली आणि अध्यक्ष झाला चार्ल्स पर्किन्स, ॲलिस स्प्रिंग्जमध्ये जन्मलेला, फुटबॉल खेळून पुढे आलेला, त्या विद्यापीठातल्या अगदी मोजक्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, विद्यार्थ्यांपैकी एक. फेब्रुवारी १९६५ मध्ये जेमतेम ३० जण बसमध्ये बसून न्यू साउथ वेल्सच्या आतल्या गावांकडे निघाले. मोहिमेचं नाव होतं फ्रीडम राईड. नाव उघडउघड उसनं, अमेरिकेतल्या १९६१ च्या बसमोहिमेचं. अहिंसेची शिस्तही उसनी: कुणी थुंकलं, ढकललं तरी हात उचलायचा नाही.

आता ‘पण’.

अमेरिकेत बस हाच मुद्दा होता. डिसेंबर १९६० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बॉयन्टन खटल्यात निकाल दिला की राज्याराज्यांत प्रवास करणाऱ्यांना बसस्थानकावरच्या उपाहारगृहात वर्णावरून वेगळं काढता येणार नाही. दक्षिणेत तो निकाल कागदावरच राहिला. म्हणून ४ मे १९६१ ला १३ जण वॉशिंग्टनहून नेहमीच्या बसगाड्यांत रीतसर तिकीट काढून बसले. खासगी गाडी केली असती तर सगळा खटाटोप फुकट गेला असता. कायदा मोडला जातोय हे दाखवायला सार्वजनिक बस, सार्वजनिक प्रतीक्षालय आणि तिथलं उपाहारगृहच हवं होतं. दक्षिणेतल्या ॲनिस्टन गावी बस पेटवली गेली, पुढे शेकडो जण तुरुंगात गेले, आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून वाहतुकीच्या केंद्रीय आयोगाचे भेदभाव बंद करणारे नवे नियम लागू झाले. दक्षिणेतल्या स्थानकावर मार खायचा तो वॉशिंग्टनला हलवण्यासाठी, हे गणित पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

सिडनीच्या मुलांनी खासगी बस भाड्याने घेतली, कारण त्यांच्यासाठी बस म्हणजे फक्त वाहन. भेदभाव होता तो गावच्या पोहण्याच्या तलावावर, सिनेमागृहात, दारूच्या गुत्त्यात, माजी सैनिकांच्या क्लबात. आणि केंद्र सरकारकडे जाऊन उपयोग नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत समानतेचं कलम नाही, आणि राज्यांतल्या मूळ रहिवाशांसाठी खास कायदे करण्याचा अधिकारच केंद्राला नव्हता. तो मिळाला २७ मे १९६७ च्या सार्वमतात, ९०.७७ टक्के मतांनी. (या सार्वमताने त्यांना मताधिकार मिळाला असं कुणी सांगितलं तर दुरुस्त करा. केंद्रीय निवडणुकांतला मताधिकार १९६२ चा.) मग उरलं काय? वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी आणि लाज. आणखी एक अडचण संख्येची. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरातला काळ्यांचा १९५५ चा बसबहिष्कार ३८१ दिवस चालला आणि यशस्वी झाला, कारण बसच्या प्रवाशांतले सुमारे तीन चतुर्थांश काळे होते. ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत एका टक्क्याच्या आसपास असलेल्यांनी बहिष्कार टाकायचा तो कशावर? जिथे आतच घेत नाहीत, तिथे?

म्हणून या मुलांनी अमेरिकेच्या नमुन्यात नसलेली एक गोष्ट जोडली: प्रश्नावली. गावात पोहोचलं की आधी वस्त्यांत आणि गोऱ्यांच्या घरी जाऊन विचारायचं, घर कसं आहे, पाणी कुठून येतं, कुठे जाता येत नाही. निदर्शनं त्यानंतर. कारण लोक म्हणायचे, ‘आमच्या गावात भेद नाही, ते स्वतःच येत नाहीत.’ याला घोषणेने उत्तर देता येत नाही, नोंदीने देता येतं.

वॉलगेट गावी माजी सैनिकांचा क्लब ॲबोरिजिनल माजी सैनिकांना सभासद करून घेत नव्हता. भर उन्हात क्लबसमोर फलक धरून मुलं उभी राहिली. संध्याकाळी त्यांना चर्चच्या सभागृहातला मुक्काम हलवायला लावला, रात्री गावाबाहेर एका ट्रकने बसला धडका देऊन रस्त्याखाली घातलं. ती बातमी सिडनीत छापून आली आणि मोहिमेकडे देशाचं लक्ष वळलं. पण वॉलगेटचा खरा घाव वेगळाच होता. भर रस्त्यात, जमावासमोर, तिथल्या ॲबोरिजिनल बाईने गोऱ्या पुरुषांना ऐकवलं की रात्री आमच्या वस्तीत बायकांच्या मागे कोण येतं ते आम्हाला माहीत आहे. ते ध्वनिमुद्रित झालं. हे तिला कुठल्या अमेरिकन पुस्तकाने शिकवलं होतं, ते मला सांगा.

आणि मग मोरी हे गाव. इथे थांबावं लागेल, कारण ‘नक्कल’ म्हणणारे आणि ‘सगळं स्थानिक’ म्हणणारे दोघेही इथेच अडखळतात.

मोरीला जमिनीखालून गरम पाणी येतं. त्या पाण्यावर नगरपालिकेचा तलाव आहे, दुखऱ्या सांध्यांसाठी लोक लांबून यायचे. १९५५ मध्ये नगरपालिकेने ठराव केला: ॲबोरिजिनल, किंवा ॲबोरिजिनल रक्ताचा अंश असल्याचं दिसणारी व्यक्ती तलावावर आणि गावच्या स्मारक सभागृहात असता कामा नये. ‘दिसणारी’ हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे पुरावा नको, जन्मदाखला नको, तिकीट देणाऱ्याची नजर पुरे. शाळेच्या वेळेत शाळेबरोबर मूळ रहिवाशांच्या मुलांना पोहता यायचं. शाळा सुटली की बाहेर. पाणी तेच, मूल तेच, फक्त घड्याळ बदललं.

अमेरिकेतला ‘काळ्यांना मनाई’ हा फलक कॅमेऱ्याला दाखवता येतो. ठराव दाखवता येत नाही, तो फायलीत असतो. म्हणून तो दारावर आणावा लागतो. पर्किन्स आणि मंडळींनी नेमकं तेच केलं. वस्तीवर जाऊन, घरच्यांना विचारून, मुलांना बसमध्ये घेतलं आणि त्यांच्यासकट तिकीट खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पत्रकार हजर. मुलं आत गेली, पोहली. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. बस पुढे बोगाबिल्लाला गेली.

बस गेली आणि बंदी परत आली.

या पद्धतीतली ही मुळातली खोट आहे, आणि ती अमेरिकेतून नमुन्याबरोबर आलेली नाही. अमेरिकेत बस पुढे गेली तरी निकाल मागे राहत होता. इथे बसबरोबर कॅमेरा गेला की मागे फक्त तोच ठराव, तीच खिडकी, आणि ज्यांची नावं आता गावाला ठाऊक झाली आहेत ती घरं. बाहेरून आलेले निघून जातात, राहणाऱ्याने निस्तरायचं. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटा नव्हता.

बातमी कळल्यावर बस उलटी फिरली. २० फेब्रुवारीला पुन्हा तलावाचं दार. या वेळी गाव तयार होतं. पाचेकशे लोक जमले. अंडी, टोमॅटो, शिव्या, धक्काबुक्की. जिम स्पिगलमन नावाच्या विद्यार्थ्याला ठोसा मारून जमिनीवर पाडलं (पुढे हाच न्यू साउथ वेल्सचा मुख्य न्यायाधीश झाला, पण ते ३३ वर्षांनी). मुलं आत जाईपर्यंत हलायचं नाही, हात उचलायचा नाही. काही तास असेच गेले. अखेर नगराध्यक्षांनी मान्य केलं की १९५५ चा ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव आणू. तेव्हा बस निघाली. पुढच्या टप्प्यात ड्रायव्हरनेच नोकरी सोडली, बाउराव्हिलच्या सिनेमागृहाने खेळच बंद ठेवला, केम्प्सीच्या तलावाने मुलांना आत घेतलं नाही. प्रत्येक गावी मोरी होत नव्हतं.

आता मराठी वाचकाला हे इतकं परकं वाटायचं कारण नाही. पाणी, नगरपालिका, ठराव. महाडला १९२४ मध्ये नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला लोक पाण्यापर्यंत गेले, त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. मोरीत बंद करणारा ठराव रद्द करायचा होता, महाडला उघडणारा ठराव अमलात आणायचा होता, एवढा फरक. मॉन्टगोमेरीच्या २८ वर्षं आधीचं हे. तेव्हा महाड ही कुणाची नक्कल, असं कुणी विचारत नाही. बरोबरच आहे. मग मोरीलाच का विचारता?

इथवर माझी बाजू भक्कम आहे. मी नेहमी इथेच थांबत आले आणि पुढे एक सुटसुटीत वाक्य जोडत आले: ‘समानता बाहेरून शिकले, जमीन त्यांची स्वतःची.’ आधाराला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या यिर्काला वस्तीची झाडाच्या सालीवरची निवेदनं होती. बॉक्साइटच्या खाणीसाठी आर्नहेम लँडमधली जमीन काढून घेतली, म्हणून योल्ङु लोकांनी स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीत निवेदनं लिहिली, भोवती आपल्या भूमीची चित्रं काढली. त्यातलं दुसरं ऑस्ट्रेलियाच्या संसदेत मांडलं गेलं २८ ऑगस्ट १९६३ ला, म्हणजे किंग यांच्या वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चाच्याच तारखेला. कुणी कुणाचं बघून केलेलं नव्हतं.

समानतेचा नमुना जमिनीला लावला की काय बिघडतं, याचं उदाहरणही तयार असायचं. मार्च १९६६ मध्ये लवादाने निर्णय दिला की गुरांच्या मळ्यांवरच्या ॲबोरिजिनल कामगारांना समान वेतन द्यायचं, पण डिसेंबर १९६८ पासून. मालकांना तयारीला वेळ मिळाला. समान वेतन द्यायचं तर इतकी माणसं, त्यांची म्हातारी-पोरं कशाला ठेवायची? कित्येकांना मळ्यावरून घालवलं, आणि मळा म्हणजे त्यांची पिढ्यांची भूमी. पगाराचा हक्क मिळाला, पायाखालची जागा गेली. वेव्ह हिल या मळ्यावरचे गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगियारीच्या मागे ऑगस्ट १९६६ मध्ये काम सोडून निघाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला पगाराचा संप म्हटलं. पुढच्याच वर्षी त्यांनी गव्हर्नर जनरलकडे मागितली ती जमीन.

मात्र ते सुटसुटीत वाक्य टिकत नाही. फ्रेड मेनार्डने १९२४ मध्ये सिडनीत मूळ रहिवाशांची संघटना काढली, तिचं बोधवाक्य थेट अमेरिकेतल्या काळ्यांचा नेता मार्कस गार्वी याच्या चळवळीतून आलं होतं. सिडनीच्या गोदीवर येणाऱ्या काळ्या खलाशांकडून हे विचार पोहोचले होते. आणि तिची मुख्य मागणी काय होती? जमीन. म्हणजे जमिनीची भाषाही बाहेरच्या वाऱ्यावाचून वाढली नव्हती. ‘त्यांची स्वतःची’ म्हणताना मी कसलं कुंपण घालत होते, कोण जाणे.

सिडनीच्या रेडफर्न भागाचं पाहिलं तर गुंता वाढतोच. अमेरिकेतल्या ओकलंडचे ब्लॅक पँथर, काळ्यांचा लढाऊ पक्ष, बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे फिरायचे. रेडफर्नच्या तरुणांनी त्यातून पोलिसांवर लक्ष ठेवणं उचललं, बंदूक सोडली आणि वही घेतली. गुत्त्याबाहेर उभं राहायचं, कुणाला, किती वाजता, काय करताना उचललं ते टिपायचं. त्या वह्यांवरून १९७० मध्ये कायदेशीर मदत केंद्र उभं राहिलं, १९७१ मध्ये दवाखाना. १९७२ च्या सुरुवातीला ब्रिस्बेनमध्ये पँथर पक्षही निघाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दलित पँथर. एकाच अमेरिकन नावाचे दोन पत्ते. मुंबईच्या पँथरला ‘नक्कल’ म्हटलेलं तुम्हाला खपत नाही, मलाही खपत नाही. पण नाव कुठून आलं हे दोन्हीकडे कुणी लपवलेलं नाही.

तेव्हा ‘अमेरिकेचं बघूनच ना?’ याला ‘नाही’ म्हणायची माझी हिंमत होत नाही. १९६४ ची ती निदर्शनं झाली नसती तर तो टोमणा आला नसता, आणि टोमणा नसता तर बस निघाली असती की नाही, सांगता येत नाही. पण मोरीचा ठराव बदलायचा तर बोगाबिल्लाहून उलटं फिरावं लागलं, आणि उलटं फिरणं त्या नमुन्यात नव्हतं.