उंच पंचमाची तार

शुक्रवारी संध्याकाळी फ्लॉइडमध्ये शिरलो, तेव्हा गाडीच्या काचा बंद असूनही फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, ऐकू येत होतं. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्येला, ब्लू रिज डोंगरांच्या माथ्यावरचं हे छोटं गाव. अख्ख्या काउंटीत ट्रॅफिकचा सिग्नल एकच, आणि त्याच्याजवळ फ्लॉइड कंट्री स्टोअर. दर शुक्रवारी तिथे जांबोरी, म्हणजे गाण्या-नाचाची मैफल, असते. आधी तासभर गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, मग नाचाचे बँड. आजीआजोबा टाचांना लोखंडी पट्ट्या लावलेले बूट घालून येतात आणि लाकडी जमिनीवर असा ठेका धरतात की वेगळ्या तालवाद्याची गरज भासू नये.

नवरा आत नाच बघत बसला. मी मात्र माझं युकुलेले, गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, घेऊन रस्त्यावरच थांबले, कारण हवा चांगली असली की खरी मैफल फुटपाथवर जमते. इथे पाचजण, पलीकडे सातजण, खुर्च्या गोलात. चार वर्षं मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीतल्या आमच्या घरी ॲपलेशियन, म्हणजे या डोंगराळ भागातल्या, लोकधुना एकटीनं वाजवत आले होते. त्या माणसांसोबत कशा वाजतात, हे मला अनुभवायचं होतं.

युकुलेलेच का, तर त्याच्या एका तारेमुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याच्या चार तारा वरून खाली प, सा, ग, ध अशा लागतात. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची असते, तसा इथेही पंचम खालचा असेल असं वाटतं. पण तो असतो मध्य सप्तकातला, म्हणजे सा आणि ग या दोन्हींच्या वरचा. नव्यानं शिकणाऱ्याला ही तार चुकीची लावली आहे असंच वाटतं. पाच तारांच्या बँजोवर नेमकं हेच आहे. त्याची पाचवी तार आखूड. तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी बसवलेली. सगळ्यात उंच सूर अंगठ्याखाली, आणि तो धून चालू असताना सतत वाजत राहतो. तुणतुणं ऐकत वाढलेल्या कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

एका गोलात सत्तरी ओलांडलेले एक बँजोवाले आजोबा होते. त्यांनी माझ्या वाद्याकडे पाहिलं, वरची तार छेडून बघितली आणि म्हणाले, "अगं, हिला उंच तार आहे की! मग क्लॉहॅमर वाजव." क्लॉहॅमर ही बँजो वाजवायची जुनी पद्धत. आणि त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली.

क्लॉहॅमरमध्ये बोटं वर ओढायची नाहीत, हात पंजासारखा वळवून खाली आपटायचा. तर्जनीच्या नखानं धुनेचा सूर, मग त्याच नखानं बाकीच्या तारांवर एक झटका, आणि झटका बसताना अंगठा उंच तारेवर टेकलेला. हात उचलताना अंगठा तिला वाजवूनच सुटतो. एक पूर्ण मात्रा, मग दोन अर्ध्या. तिकडे याला 'बम-डिटी' म्हणतात. मी घरी हे करत होते, पण माझा अंगठा तारेवर टेकत नव्हता, हवेतून येत होता. आजोबांनी अर्धा मिनिट पाहून तेवढंच सांगितलं: "अंगठा आधी बसव. तो बसला की लय आपोआप बसते." त्या रात्री मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

गोलातलं सगळं डी या पट्टीत चाललं होतं. ओल्ड-टाइमवाले, म्हणजे या जुन्या नाचाच्या धुना वाजवणारे, एका पट्टीत तास तास राहतात, कारण पट्टी बदलली की बँजोच्या तारा पुन्हा लावाव्या लागतात. मी दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा, लावला. सा डीवर आला, उंच तार त्याचा पंचम झाली. इथे एकट्याचा सोलो नसतो. सगळे मिळून तीच धून पंधरा-वीस वेळा वाजवतात आणि संपवायची वेळ आली की फिडलवाला एक पाय वर उचलतो. चार फिडलांमध्ये माझं युकुलेले मलाच कसंबसं ऐकू येत होतं, पण धून दहाव्यांदा फिरून आली तोवर ऐकू येणं महत्त्वाचं राहिलं नव्हतं.

शनिवारी ब्लू रिज पार्कवेनं दक्षिणेला निघालो. ट्रकना बंदी, वेग ताशी ४५ मैल, दोन्ही बाजूंना रानफुलं. २१३व्या मैलावर गेलॅक्सजवळ ब्लू रिज म्युझिक सेंटर आहे, तिथल्या पडवीत दुपारी स्थानिक वादक बसतात. त्या दिवशी ब्लूग्रास होतं, म्हणजे ओल्ड-टाइममधूनच पुढे आलेली वेगवान शैली, आणि फरक पहिल्या मिनिटाला कळतो. १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि त्याच्या तीन बोटांच्या बँजोनं या संगीताला रूप आलं. इथे प्रत्येकाला आळीपाळीनं सोलो, बाकीच्यांनी मागे राहायचं. तीन बोटांचे ते रोल, म्हणजे तारांवर बोटं ठरावीक क्रमानं फिरवून काढलेले सुटे सूर, युकुलेलेवर बसतात, कारण उंच तार इथेही कामाला येते. पण त्या वेगात नायलॉनच्या तारेला बँजोची धार येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लूग्रासमध्ये युकुलेलेनं मँडोलिनचं काम करावं. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तारा छेडून डाव्या हाताची पकड लगेच सैल करायची, म्हणजे सूर न उमटता नुसता 'चक्' येतो. दुपारभर मी तेच केलं.

संध्याकाळी हिल्टन्सला, क्लिंच पर्वताच्या पायथ्याशी, कार्टर फॅमिली फोल्डमध्ये. कंट्री संगीतातल्या सुरुवातीच्या गाजलेल्या कार्टर कुटुंबाच्या नावाची ही मैफलीची जागा. त्या कुटुंबातल्या ए. पी. कार्टरचं जुनं दुकान शेजारीच आहे. मंचावर विजेची वाद्यं नाहीत असा इथला शिरस्ता. कंट्री गायक जॉनी कॅशचा अखेरचा कार्यक्रम ५ जुलै २००३ला इथेच झाला. त्या रात्री एका मुलीनं गिटारवर त्याच कुटुंबातल्या मेबेल कार्टरची पद्धत वाजवली: अंगठ्यानं खर्जाच्या तारांवर धून आणि बोटांनी वरच्या तारांवर झटके. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की हे माझ्या उंच पंचमावर होणारच नाही. अंगठ्याखाली खर्ज हवा.

ब्रिस्टलच्या मोटेलमध्ये पोचल्यावर रात्री अकराला मी वरची तार काढली आणि सोबत आणलेली मंद्र पंचमाची जाड तार चढवली. नवरा झोपला होता, म्हणून वाद्यात रुमाल कोंबून वाजवलं. गळा तोच, आवाज दुसऱ्याच माणसाचा.

सकाळी स्टेट स्ट्रीटवर गेलो. रस्त्याच्या मधोमध पितळी खुणा: एका बाजूला व्हर्जिनिया, दुसऱ्या बाजूला टेनेसी. १९२७च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरनं टेनेसीच्या बाजूच्या टोप्यांच्या गोदामात रेकॉर्डिंगचं यंत्र मांडलं आणि १ ऑगस्टला कार्टर कुटुंब तिथे पहिल्यांदा गायलं. तिथल्या कंट्री संगीताच्या संग्रहालयात तीन तास गेले. फिडल स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेलं, बँजो गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी आठवणीतून घडवलेला. माझं वाद्यही असंच लांबून आलेलं: १८७९मध्ये मदेराचे पोर्तुगीज मजूर जहाजातून होनोलुलूला उतरले, त्यांच्या छोट्या वाद्यापासून युकुलेले झालं. फक्त ते या डोंगरांत उशिरा पोचलं.

परतताना हिल्सव्हिलच्या पेट्रोल पंपावर थांबलो. नवरा कॉफी आणायला गेला तेवढ्यात मी जाड तार उतरवून जुनी उंच तार परत लावली. नायलॉनची तार पुन्हा चढवली की लगेच स्थिर राहत नाही. कॅरीला पोचेपर्यंत ती तीनदा उतरली, तीनदा पिळली, आणि मधल्या वेळात डॅशबोर्डवर अंगठा आधी बसवायचा सराव चालू होता.